खैरनार मॅडमची लाल चिठ्ठी

आमच्या अंबडच्या कंपनीत कधी आलात, तर गेटातून शिरल्या शिरल्या समोर एक मोठं चंदेरी कडं दिसेल. ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर उभं केलेलं, माणसाच्या छातीला लागेल एवढं. भोवती हिरवळ, मागे तीन देशांचे झेंडे. संध्याकाळी त्याच्यावर दिवे सोडतात. नवीन लागलेली मुलं त्याच्यापुढे फोटो काढून घरी पाठवतात. मी रोज सकाळी कंपनीच्या बसमधून उतरते, ते कडं बघते आणि डोक्यात तिडीक जाते. नोकरी आहे, मुलीचं शिक्षण चालू आहे, म्हणून गप्प. नाहीतर एखाद्या दिवशी घण घालून यावं त्याच्यावर.

ते कडं म्हणजे विमानाच्या इंजिनाचं कवच आहे. छोट्या छोट्या शहरांना जोडणारी, सत्तर माणसं बसतील अशी जेट विमानं असतात ना, त्यांच्यासाठी तीन देशांच्या कंपन्यांनी मिळून एक नवीन इंजिन बनवायला घेतलं. पंखा एकाकडे, जळण जिथे पेटतं तो तापलेला भाग दुसऱ्याकडे आणि आत हवा दाबली जाते त्या भागाचं टायटॅनियमचं कवच आमच्याकडे. चौथऱ्यावर आहे ते आमच्याकडे बनलेलं पहिलं. खाली पितळी पाटी आहे. पाटीवर दोन नावं आहेत, आमच्या डायरेक्टरसाहेबांचं आणि परदेशी भागीदारांच्या ऑल्सेनसाहेबांचं. हे कवच रद्द झालेलं आहे हे पाटीवर लिहिलेलं नाही. का रद्द झालं ते तर नाहीच नाही. आणि खैरनार मॅडमचं नाव तर शोधूनही सापडणार नाही.

कुसुम खैरनार आमच्या क्वालिटीच्या प्रमुख. मूळच्या सटाण्याकडच्या. उंचीला एवढ्याशा, की मोठ्या मशीनमागे उभ्या राहिल्या तर फक्त अंबाडा दिसायचा. आवाज मात्र असा, की प्रेस चालू असताना पलीकडच्या शेडमध्ये माणूस दचकायचा. माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. मी प्लॅनिंगला, म्हणून मी ‘ए प्लॅनिंग’. भांडारातला तो ‘स्टोअर्स’. डायरेक्टरसाहेबांनाही पाठीमागे ‘वरचा मजला’ म्हणायच्या. पगारवाढ झाली, बढती झाली, मी शेवटपर्यंत ‘प्लॅनिंग’च राहिले.

ओरडायला त्यांना निमित्त लागत नसे. सुपरवायझर उशिरा आला, ओरडल्या. लवकर आला, तरी ओरडल्या, रात्रपाळीच्या माणसाला घाई लावतोस म्हणून. त्यांचा एक काळा शाईपेन होता, तो कोणी सहीला घेतला आणि चुकून खिशाला लावला की संपलं. एकदा बँकेचा माणूस पेन घेऊन निघाला, तर बाई पार्किंगपर्यंत पळत गेल्या. फार संतापल्या की प्रमाण मराठी सुटायची आणि अहिराणी सुरू व्हायची. ‘मना पेन कोठे शे?’ एवढं ऐकू आलं की आख्खं ऑफिस आपापले खिसे चाचपायचं.

आणि हात! भेटेल त्याला पहिला प्रश्न, ‘हात पुसले का?’ नमस्कार नाही, कसे आहात नाही. टायटॅनियम फार चोखंदळ असतं. घामाचा हात लागला, मिठाचा अंश राहिला आणि तसंच ते भट्टीत तापलं, तर आतल्या आत बारीक तडा जाऊ शकतो. डोळ्याला दिसत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीतरी वर आभाळात तो तडा उघडतो. ‘वर सत्तर माणसं बसतात,’ हे त्यांचं पालुपद. संक्रांतीला आम्ही बायकांनी ऑफिसात हळदीकुंकू केलं, तर मॅडम आल्या, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि मग दारात उभ्या राहून एकेकीला बेसिनकडे पिटाळलं. ‘हळदीच्या हाताने कोणी शॉपमध्ये मशिनींपाशी गेली तर तंगडं मोडीन.’ मला भयंकर राग आला होता. सणासुदीला तरी माणसाने जरा गोड बोलावं की नाही?

‘हात पुसले का?’ म्हटलं की सगळे ‘हो मॅडम’ म्हणायचे. पुसलेले असोत नसोत. त्यांनाही ते माहीत होतं. तरी विचारायच्या.

पण या ओरडणाऱ्या बाईचा एक नियम होता, आणि त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलंय.

भागीदारी वगैरे सुरू व्हायच्या पुष्कळ आधीची गोष्ट. एका कामगाराने एका भागाला पडलेला ओरखडा घासून झाकला आणि माल पुढे ढकलला. शेवटच्या तपासणीत मॅडमना सापडला. त्यांनी त्या माणसाला असा काही सोलला, की तो तिथेच रडायला लागला. रडता रडता म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही वरडाल म्हणून तर झाकलं!’ मॅडम त्यानंतर दोन दिवस कोणावर ओरडल्या नाहीत, तर लोकांना वाटलं बाई आजारी आहेत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणल्या, दोरा ओवलेल्या. म्हणाल्या, ‘चूक झाली की आपण होऊन ही चिठ्ठी भागाला बांधायची. काय झालं ते लिहायचं, खाली नाव. जो बांधेल त्याला मी काही बोलणार नाही. दुसरा कोणी बोलला तर त्याची गाठ माझ्याशी. आधी सांगा. रडायचं ते नंतर.’

कोण विश्वास ठेवणार? आठवडा गेला, चिठ्ठ्या तशाच. मग एके दिवशी दिंडोरीकडचे एक फिटर, गांगुर्डे, त्यांच्या हातून एक महागडं हत्यार भागावर पडलं, टवका उडाला. बघणारं कोणी नव्हतं. गांगुर्डे म्हणजे अबोल माणूस, डबा खाताना पण मान वर करायचे नाहीत. त्यांनी चिठ्ठी घेतली, लिहिली, बांधली आणि बाजूला हात बांधून उभे राहिले. बातमी शेडभर पसरली. सगळे मशीन बंद करून बघायला, की आता बाई काय करतात. मॅडम आल्या. चिठ्ठी वाचली. चेहरा लालबुंद. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मग म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत, गांगुर्डे.’ आणि तरातरा चालत शेडच्या मागे गेल्या. तिथे तेलाचा एक रिकामा पिंप होता. त्या पिंपाला त्यांनी जे काही झापलं, लाथा घातल्या, ते आम्ही खिडकीतून पोट धरून हसत ऐकलं. पुढे तो पिंप कायमचा मॅडमचा झाला. चिठ्ठी आली की आमच्या लक्षात यायचं, कारण मागून ठाण ठाण आवाज यायचा. पोचे पडून पडून त्याचा पार पापड झाला होता.

त्या दिवसापासून आख्ख्या कंपनीत एकाच माणसाला त्या नावाने हाक मारायच्या, ती म्हणजे गांगुर्डेंना.

हळूहळू चिठ्ठ्या यायला लागल्या. वर्षं लागली, पण त्या शेडमध्ये चूक लपवणं ही लाजेची गोष्ट झाली. हे असं बोलायला सोपं आहे. तुमच्या घरात, तुमच्या ऑफिसात करून बघा.

मग ती भागीदारी आली. ऑल्सेनसाहेब पहिल्यांदा पाहणीला आले, तेव्हा डायरेक्टरसाहेबांनी आदल्या दिवशी हुकूम सोडला, लाल चिठ्ठ्या काढून ठेवा, वाईट दिसतं. मॅडमनी एकही काढू दिली नाही. ऑल्सेन उंच, हसरा, हात मागे बांधून चालणारा माणूस. त्याने एकेक चिठ्ठी वाचून घेतली, दुभाष्याला विचारत. आणि काय म्हणाला ठाऊक आहे? ‘ज्या कारखान्यात कोणी चूक कबूल करत नाही, तिथलं इंजिन लावलेल्या विमानात मी माझ्या मुलांना बसवणार नाही.’ आमच्या डायरेक्टरसाहेबांनी लगेच मान डोलावली, जशी काही ही चिठ्ठी यांच्याच पिढीजात खजिन्यातली! काम आम्हाला मिळालं. पहिलं कवच चांगलं निघालं तर पुढच्या भागाच्या डिझाइनमध्येही नाशिकला वाटा मिळणार होता. दुसऱ्याने दिलेल्या नकाशाबरहुकूम नुसता धातू कातायचा नाही, आपण स्वतः नकाशा काढायचा. मॅडमचा त्यावर फार जीव होता. मला म्हणाल्या होत्या, ‘प्लॅनिंग, आयुष्यभर दुसऱ्याच्या रेघा तपासल्या. एकदा आपली रेघ तपासून मरायचंय.’

कवच तयार होत आलं. आणि आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनी धुतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. मॅडमना पूजेचं वावडं नव्हतं. त्यांनीच शेडच्या दाराबाहेर एक काळा दगड बसवून घेतला होता. नारळ तिथे फोडायचा, माळा मशीनच्या अंगावर बाहेरून घालायच्या, तयार मालाच्या आसपास काही आणायचं नाही. वर्षानुवर्षं तसंच चालत होतं, कोणाची तक्रार नव्हती.

त्या वर्षी ऑल्सेन आलेला. डायरेक्टरसाहेबांना फोटो हवा होता. कवच, माळ, नारळ आणि पाहुणा, चौघं एका चौकटीत. त्यांनी कवच ट्रॉलीवर घालून बाहेर आणायला सांगितलं. मॅडम ओरडल्या, ‘हलवायचं नाही! अजून भट्टी व्हायचीय त्याची!’ डायरेक्टरसाहेब पाहुण्यांसमोर हसून म्हणाले, ‘मॅडम, वर्षातून एक दिवस तरी हसा. देवाचं काम आहे.’ सगळे हसले. मीही हसले असेन. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, हातातले पांढरे मोजे काढून टेबलावर आपटले, म्हणाल्या, ‘मग करा तुमचं देवाचं काम. मला नाही बघवत.’ आणि स्कूटर काढून सरळ घरी गेल्या.

त्यांच्या उभ्या नोकरीत त्या शॉप सोडून गेलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

पाहुण्याला मान म्हणून नारळ ऑल्सेनच्या हातात दिला. दगड तिथून चार पावलांवर होता. पण त्या माणसाला कोणी दाखवलाच नाही, कारण फोटोवाला ट्रॉलीपाशी उभा. त्याने उत्साहाने दोन्ही हातांनी नारळ उचलला आणि हाणला ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर. नारळ फुटला. पाणी उडालं ते त्या कवचावर, आतून बाहेरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ट्रॉली धरून गांगुर्डे उभे होते. ते तिथल्या तिथे म्हणाले, मी कानांनी ऐकलंय, ‘साहेब, पाणी उडालं. खारट असतंय ते. धुवाया लागंल.’ डायरेक्टरसाहेब फोटोवाल्याकडे बघत म्हणाले, ‘अरे पूस ना मग फडक्याने.’ गांगुर्डेंनी पुसलं. नुसतं पुसून काय होतंय? त्याला रीतसर धुवावं लागतं. पण पाहुण्याला जायच्या आधी कवच भट्टीतून निघालेलं बघायचं होतं, म्हणून त्याच संध्याकाळी ते भट्टीत गेलं. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या केबिनच्या दारात गांगुर्डे लाल चिठ्ठी घेऊन उभे होते.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. ओरडल्या नाहीत. पिंपाकडेही गेल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी इथं असते तर?’ गांगुर्डे म्हणाले, ‘तर नारळ तिथं फुटलाच नसता, मॅडम.’

डायरेक्टरसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. तडा दिसतोय का? नाही ना? मग कवच पाठवा. मॅडम म्हणाल्या, ‘न दिसणाऱ्याचाच पगार घेते मी.’ त्यांनी कवच रद्द केलं आणि दोन्ही भागीदारांना कळवून टाकलं. वरच्या मजल्यावर नुसता थयथयाट. डिझाइनचा वाटा जाणार, नाक कापलं जाणार, या बाईला आवरा.

मग ती मीटिंग झाली. पडद्यावर ऑल्सेन, इकडे आम्ही. पुढचं वेळापत्रक बसवायला म्हणून मी होते. मॅडमनी उभं राहून चूक कशी झाली ते सांगितलं, त्यांच्या इंग्रजीत, एकेक शब्द ठोकून. कवच बाहेर काढायला लावलं ते डायरेक्टरांनी. नारळ फोडला तो पाहुण्यांनी, कारण त्यांना जागा दाखवली नाही. आणि हे थांबवणं जिचं काम होतं ती रागाच्या भरात घरी निघून गेली, ती मी. ‘तिघांनी एकेक चिठ्ठी बांधू, आणि धडा घेऊन पुढे जाऊ,’ म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मला वाटलं, आता हा ऑल्सेन बोलेल. मुलांना विमानात न बसवणारा ऑल्सेन!

तो खाली बघत होता. मग म्हणाला, सांस्कृतिक प्रसंग फार नाजूक विषय असतो, तांत्रिक अहवालात त्याचा उल्लेख नको. सगळ्यांना कसं बरं वाटलं! डायरेक्टरसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला तो मला टेबलापलीकडे ऐकू आला. अहवाल तयार झाला. कारण काय, तर हाताळणाऱ्या कामगाराचा निष्काळजीपणा आणि वेळेवर माहिती न देणं. नाव, गांगुर्डे. वेळेवर माहिती न देणं! अहो, त्या एकट्या माणसाने तिथल्या तिथे तोंड उघडलं होतं. मॅडमनी सही केली नाही. त्यांच्या हाताखालच्याने केली, त्याला पुढे बढती मिळाली.

गांगुर्डे निलंबित झाले. मग परत घेतलं, पण भंगारयार्डात, लोखंडाचा चुरा वेगळा करायला. चूक एका कामगाराची ठरली, म्हणून भागीदारी वाचली. डिझाइनचा वाटासुद्धा मिळाला. पेढे वाटले. रद्द कवच वाया कशाला घालवायचं म्हणून त्याला पॉलिश करून गेटात उभं केलं, उद्घाटनाला ऑल्सेनने फीत कापली. यात कोणाचं काय वाईट झालं, असं मला एका शहाण्याने विचारलं होतं. त्याच्या डब्यातली भाजी त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली.

मी मॅडमना म्हटलं, ‘राजीनामा द्या यांच्या तोंडावर.’ तर माझ्यावरच खेकसल्या. ‘मी गेले की बोंब मारायला कोण राहील? तू?’ मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. मग त्या राहिल्या. रोज सकाळी वरच्या मजल्यावर जायच्या आणि एकच मागायच्या, अहवालातून गांगुर्डेंचं नाव काढा. डायरेक्टरसाहेब रोज म्हणायचे, ‘बघू.’ डिझाइनच्या पहिल्या बैठकीला त्यांना बोलावणं आलं, तेव्हा म्हणाल्या, ‘आधी नाव काढा, मग येते.’ नाव निघालं नाही, त्या गेल्या नाहीत. ज्या रेघेसाठी जीव टाकत होत्या, ती दुसऱ्यांनी काढली.

आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. एकदम बंद. गांगुर्डे भंगारातून एकदा म्हणाले होते, ‘मॅडम, आता कोणी सांगणार नाय. मी बी नाय सांगणार.’ त्या वाक्याने मॅडम जेवढ्या खचल्या तेवढ्या कशानेच नाही. शेडमध्ये फिरताना मी माझ्या डोळ्यांनी बघते, माणूस भाग पुसतो, आजूबाजूला बघतो, पुन्हा पुसतो आणि पुढे सरकवतो. मी विचारलं तर म्हणतो, ‘काय नाय ताई, धूळ होती.’ वर्षअखेरीला एकही लाल चिठ्ठी नाही म्हणून आमच्या कंपनीला भागीदारांनी ढाल दिली. ती ढाल कुठल्या तोंडाने घेतली असेल? वर सत्तर माणसं बसणार आहेत. मला रात्री झोप लागत नाही, आणि हे लोक ढालीबरोबर फोटो काढतात!

मॅडम निवृत्त झाल्या तो दिवस. कँटीनच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ. डायरेक्टरसाहेबांनी भाषण ठोकलं, ‘कडक पण प्रेमळ’ वगैरे. मग शाल घातली, हातात श्रीफळ दिलं. मॅडमनी माईक घेतला. ‘मला शाल नको, नारळ नको. गांगुर्डेंचं नाव काढा.’ डायरेक्टरसाहेब हसून म्हणाले, ‘मॅडम, आज आनंदाचा दिवस आहे.’

मॅडमनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. नारळ मात्र घेतला आणि चालायला लागल्या. हॉलमधून बाहेर, शेडवरून, त्या काळ्या दगडापर्यंत. मागोमाग सगळे, काय होतंय ते कळेना. ‘भंगार!’ त्या ओरडल्या, मग थांबल्या आणि म्हणाल्या, ‘गांगुर्डे! इकडे या.’ गांगुर्डे यार्डातून आले. ‘फोडा.’ त्यांनी दगडावर नारळ फोडला. पाणी दगडावरून मातीत गेलं. मॅडमनी खोबऱ्याचा तुकडा डायरेक्टरसाहेबांच्या हातावर ठेवला. ‘घ्या प्रसाद. इथं फोडायचा असतो. चार पावलं होती, साहेब.’

मग गेटाकडे गेल्या, गांगुर्डे आणि आम्ही सगळे मागे. पर्समधून लाल चिठ्ठी काढली, चौथऱ्यावर टेकवून आपल्या काळ्या पेनाने लिहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, ‘चूक, रागाने काम सोडून घरी गेले. नाव, कुसुम खैरनार.’ चिठ्ठी कवचाला बांधली. ‘खाली दोन ओळी मोकळ्या ठेवल्यात. एक पाहुण्यांची, एक तुमची.’ आणि पेन डायरेक्टरसाहेबांपुढे धरला.

साहेबांनी पेन घेतला. चिठ्ठीकडे बघितलं, आमच्याकडे बघून जरासं हसले. मग टोपण लावलं आणि पेन आपल्या खिशाला अडकवला. मागून कोणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि लगेच थांबला.

ती चिठ्ठी संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही, ते आत्ताच सांगून टाकते. माळ्याला वरून फोन आला, त्याने कात्रीने कापली. ओळी मोकळ्याच होत्या.

मॅडमनी पेन मागितला नाही. पेनासाठी पार्किंगपर्यंत धावणारी बाई, सरळ स्कूटरकडे गेली. मला एवढं भरून आलं आणि एवढा संताप आला, की पायच हलेनात. हललं कोण, तर गांगुर्डे. ते डायरेक्टरसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, पेन मॅडमचा हाय.’ साहेबांनी तो काढून दिला. काय करतात? सगळे बघत होते.

मॅडम स्कूटरवरून निघाल्याच होत्या, गांगुर्डे पळत गेटाच्या तोंडाशी गेले. मॅडमनी स्कूटर थांबवली. गांगुर्डेंनी पेन पुढे केला.

‘हात पुसले का?’ मॅडमनी विचारलं.

गांगुर्डेंनी आपल्या हातांकडे बघितलं. नारळाच्या पाण्याने अजून चिकट होते.

‘नाय पुसले, मॅडम.’

मॅडम काही बोलल्या नाहीत. तो चिकट पेन तसाच घेऊन पर्समध्ये टाकला, गाडी चालू केली आणि गेल्या.